मस्टँग, मामूंचं गॅरेज आणि दुरुस्तीचा हक्क

दरवर्षी जून महिन्यात शाळेत एक फॉर्म भरून घ्यावा लागतो. विद्यार्थ्याचं नाव, पत्ता, आईचं नाव आणि मग ‘वडिलांचा व्यवसाय’ असा एक रकाना. दोन वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलानं त्या रकान्यात ‘बिझनेस’ असं लिहिलं. मी सहज विचारलं, “कसला बिझनेस?” त्यानं मान खाली घातली. “सर, अब्बा गॅरेजमध्ये काम करतात.” शेजारची दोन पोरं हसली. त्यांच्यापैकी एकाचे वडील रिक्षा चालवतात, हे मला ठाऊक होतं.

हा प्रसंग मला विसरता आला नाही, कारण माझे मामू मिस्त्री होते. कुर्ल्यातल्या एका गॅरेजमध्ये त्यांचं आयुष्य गेलं. सुट्टीत नानीकडे गेलो की त्यांचा दुपारचा डबा पोहोचवायचं काम माझ्याकडे असायचं. तिथं फियाट असायच्या, अँबेसेडर असायच्या आणि कधीतरी कोपऱ्यात एखादी लांबलचक जुनी अमेरिकन गाडी उभी असायची. बोनेट उघडलेलं, आणि मामू कमरेपर्यंत आत वाकलेले. घरी आल्यावर ते रॉकेल आणि साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे. तरी नखांतला काळेपणा जायचा नाही. लग्नाकार्यात ते हात खिशात ठेवून उभे राहायचे.

हेच काम अमेरिकेत हजारो लोक सुट्टीच्या दिवशी हौसेनं करतात. त्यांत डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, कारखान्यातले कामगार आहेत. घराच्या गॅरेजमध्ये साठ वर्षांपूर्वीची गाडी सुटी करून ठेवायची, वर्षानुवर्षं तिच्यावर राबायचं आणि मग अभिमानानं लोकांना दाखवायची. तिथं काळे हात खिशात जात नाहीत. असं का, हे समजून घ्यायचं तर त्या हौसेचा इतिहास पाहावा लागतो. तो इतिहास गाडीचा आहे, तसाच हक्काचाही आहे. विकत घेतलेली वस्तू उघडायची, समजून घ्यायची आणि बदलायची, हा हक्क कोणाचा?

सुरुवात हेन्री फोर्डच्या ‘मॉडेल टी’पासून करू. ही गाडी १९०८ साली बाजारात आली तेव्हा तिची किंमत ८५० डॉलरच्या आसपास होती. १९१३ पासून फोर्डच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर जुळणी सुरू झाली, किंमत उतरत गेली आणि १९२०च्या दशकाच्या मध्यावर सर्वांत स्वस्त नमुना २६० डॉलरला मिळू लागला. १९२७ पर्यंत दीड कोटी गाड्या बनल्या. त्यांतल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या दारात गेल्या. जवळपास मेकॅनिक नाही, रस्ता चिखलाचा, मग गाडी बिघडली की मालकानंच पाना हातात घ्यायचा.

फोर्डनं गाडीबरोबर दिलेलं माहितीपुस्तक प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिलेलं होतं. अमुक भाग काय काम करतो, तमुक बिघाड कशामुळे होतो, तो कसा काढायचा, असं एकेक प्रश्न घेऊन. शिक्षक म्हणून मला ही गोष्ट फार आवडते. आपल्या गिऱ्हाइकाला समजेल, त्याला समजलंच पाहिजे, असं कंपनीनं गृहीत धरलं होतं. आणि गिऱ्हाइकानं त्याही पुढे मजल मारली. कोणी मागचं चाक जॅकवर उचलून त्याला पट्टा लावला आणि लाकूड कापायची करवत किंवा पाण्याचा पंप चालवला. सुरुवातीच्या मॉडेल टीला सेल्फ नव्हता. पुढून हँडल मारावं लागे आणि ते उलटं फिरलं तर मनगट मोडे. कॅडिलॅकनं १९१२ साली विजेचा सेल्फ आणला, मग जुन्या फोर्डवाल्यांनीही बाजारातून सामान आणून तो आपल्या गाडीला बसवला. म्हणजे जुन्या गाडीत नवी सोय बसवणं, ज्याला आज ‘अपग्रेड’ म्हणतात, ते गाडीइतकंच जुनं आहे.

१९२०च्या दशकात जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोननं वेगळा रस्ता धरला. दरवर्षी गाडीचं रूप थोडं बदलायचं, रंग बदलायचे, म्हणजे गेल्या वर्षीची गाडी मालकाला जुनी वाटू लागते. १९२७ साली कंपनीनं हार्ली अर्लच्या हाताखाली गाडीच्या रूपासाठी खास विभागच उघडला. गाडी चालू असतानाच ती टाकावीशी वाटली पाहिजे, असा हा हिशेब होता. पण या हिशेबातून एक गोष्ट कंपनीच्या मनात नसतानाही घडली. बाजारात धडधाकट जुन्या गाड्या स्वस्तात येऊ लागल्या आणि त्या हाती पडल्या खिशात पैसे नसलेल्या तरुणांच्या.

१९३२ साली फोर्डनं आठ सिलिंडरचं इंजिन सामान्य माणसाच्या किमतीत आणलं. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी जुन्या फोर्ड घेतल्या, मडगार्ड काढून टाकले, इंजिनाचं काम केलं आणि म्युरॉकसारख्या कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट जमिनीवर त्या पळवल्या. या गाड्यांना पुढे ‘हॉट रॉड’ म्हणू लागले. मग युद्ध आलं. फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत सामान्य लोकांसाठी मोटारी बनवणंच थांबलं. कारखाने रणगाडे आणि विमानं बनवू लागले. जी गाडी आहे ती टिकवा, एवढाच उपाय उरला. लाखो तरुण सैन्यात गेले आणि त्यांतले बरेच जण तिथं ट्रक, जीप आणि विमानं दुरुस्त करायला शिकले. परत आले ते हातात हुनर घेऊनच. जानेवारी १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ नावाचं मासिक निघालं. १९५५ साली शेवरलेटनं आठ सिलिंडरचं हलकं, आटोपशीर इंजिन काढलं. ते इतकं सुटसुटीत होतं की जुन्या गाडीत नवं इंजिन बसवायचं तर लोक डोळे मिटून तेच निवडू लागले.

इथं एक गोष्ट नजरेतून सुटू नये. घरी गाडी दुरुस्त करायची तर आधी घर लागतं. युद्धानंतर अमेरिकेत शहरांबाहेर नव्या वस्त्या झपाट्यानं उभ्या राहिल्या. न्यूयॉर्कजवळची लेव्हिटाऊन ही १९४७ पासून वसलेली त्यांतली सर्वांत प्रसिद्ध वस्ती. सरकारी हमीवर कर्ज मिळे, कमी पैशांत घर होई. पण लेव्हिटाऊनमध्ये काळ्या माणसांना घर विकलं जात नसे. घर विकताना आणि भाड्यानं देताना वंश पाहण्यावर देशभर कायद्यानं बंदी आली ती १९६८ साली. आपल्या घराच्या गॅरेजमध्ये निवांत गाडी खोलून बसलेला बाप आणि त्याला पाने देणारा मुलगा, हे अमेरिकेचं लाडकं चित्र आहे. पण त्या चित्रात शिरायची परवानगी सगळ्यांना नव्हती.

ज्यांना ती नव्हती त्यांनीही गाड्या सोडल्या नाहीत. कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी जुन्या शेवरलेट घेतल्या आणि त्या वेगवान करण्याऐवजी जमिनीला टेकतील इतक्या खाली आणल्या. अंगावर सुंदर रंगकाम, आत मखमल, आणि चाल अगदी संथ. या गाड्या ‘लोरायडर’ म्हणून ओळखल्या जातात. १९५०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात नियम आला की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. त्यावरही तोड निघाली. विमानांच्या हायड्रॉलिक यंत्रणेचे भाग गाडीत बसवले. आता बटण दाबलं की गाडी वर, दाबलं की खाली. पोलीस दिसला की गाडी कायद्यात बसायची! या हुनराकडे बरीच वर्षं गुन्हेगारीच्या चष्म्यातून पाहिलं गेलं. रस्त्यावरून अशा गाड्या रमतगमत फिरवण्यावर अनेक शहरांनी घातलेले निर्बंध कॅलिफोर्निया राज्यानं कायदा करून उठवले ते थेट २०२४ च्या सुरुवातीपासून. एकाच देशात, एकाच कामाला, करणारा कोण आहे हे पाहून ‘छंद’ किंवा ‘उपद्व्याप’ म्हटलं गेलं. आपल्याला हे नवं नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. घरी दुरुस्त करायला अमेरिकन माणसाची आवडती गाडी म्हणजे फोर्डची ‘मस्टँग’. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. किंमत २,३६८ डॉलर. पहिल्याच वर्षात चार लाखांहून जास्त गाड्या खपल्या. दिसायला देखणी, पण आतून ती फोर्डच्याच ‘फाल्कन’ या साध्या कुटुंबाच्या गाडीवर बेतलेली. म्हणून स्वस्त, म्हणून दुरुस्तीला सोपी. आज तिचा जवळजवळ प्रत्येक भाग नव्यानं बनवलेला मिळतो.

जुनी मस्टँग घरी आली की पहिला शत्रू गंज. समोरच्या काचेखाली जिथून हवा आत येते, तिथल्या पोकळीत पाणी आणि पाला साचतो. तिथला पत्रा सडतो आणि पाणी चालकाच्या पायाशी ठिबकू लागतं. वरून पुट्टी आणि रंग मारून हे झाकता येतं, पण जाणता माणूस झाकत नाही. तो सडलेला पत्रा कापतो आणि नवा वेल्डिंग करतो. इथपर्यंत काम ‘होती तशी करणं’ या सदरातलं.

खरा प्रश्न त्यानंतर येतो. होती तशीच ठेवायची का? ब्रेकचं उदाहरण घ्या. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं तेल नळ्यांमधून चारही चाकांकडे दाब पोहोचवतं. १९६६ पर्यंतच्या मस्टँगमध्ये या मास्टर सिलिंडरला एकच कप्पा होता. म्हणजे एका चाकाची नळी फुटली तर तेल तिथून निघून जाणार आणि चारही चाकांचे ब्रेक एकदम जाणार. हा एकट्या मस्टँगचा दोष नव्हता. त्या काळातल्या बहुतेक गाड्या अशाच होत्या. पुढच्या सीटला फार तर कमरेचा पट्टा, खांद्यावरून येणारा नाही. स्टिअरिंगचा दांडा असा, की समोरून धडक बसली तर तो सरळ छातीवर येईल. १९६५ साली राल्फ नेडर या तरुण वकिलानं पुस्तक लिहून मोटार कंपन्यांना जाब विचारला. १९६६ साली अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला आणि १९६८ पासून नव्या गाड्यांना दोन भागांत विभागलेली ब्रेकयंत्रणा, सीटबेल्ट आणि धडकेत आत दबणारं स्टिअरिंग लागू झालं.

पण कायदा नव्या गाड्यांना लागतो. रस्त्यावर आधीच असलेल्या लाखो गाड्यांचं काय? ते काम गॅरेजमध्येच झालं. आज घरी मस्टँग बांधणारा माणूस बहुधा पहिल्यांदा दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवतो. एक कप्पा पुढच्या चाकांचा, एक मागच्या. एक गेला तरी दुसरा गाडी थांबवतो. मग पुढच्या चाकांना ड्रमच्या जागी डिस्क, खांद्याचा पट्टा, आणि शिसंविरहित पेट्रोलवर झिजू नयेत म्हणून इंजिनाला कठीण धातूच्या व्हॉल्व्ह सीट. जुन्या पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळलेलं असायचं. माणसाच्या, विशेषतः लहान मुलांच्या शरीराला ते घातक, म्हणून अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते १९९६ साली पूर्ण बंद झालं, आपल्याकडे २००० साली.

अस्सलपणाचा आग्रह धरणारे म्हणतात, एक स्क्रूसुद्धा बदलला तर गाडी खोटी झाली. संग्रहालयातल्या गाडीसाठी ते ठीक आहे. पण ज्या गाडीत पोरांना बसवून रस्त्यावर जायचं, तिथं अस्सलपणापेक्षा जीव मोठा.

हे मी मामूंकडून शिकलो. एकदा एक जुनी अमेरिकन गाडी तपासायला ते रस्त्यावर घेऊन गेले आणि उतारावर तिची ब्रेकची नळी फुटली. पेडल जमिनीला टेकलं. गिअर पाडत, हँडब्रेक ओढत त्यांनी ती कशीबशी कडेला नेली. मालकाला ‘असली माल’ हवा होता. मामूंनी हात जोडून सांगितलं, “साहेब, दिसायला असली ठेवतो. ब्रेक मात्र मी माझ्या मनाप्रमाणे करणार, नाहीतर गाडी घेऊन जा.” मालकानं मान्य केलं.

अशा गाड्या मुंबईत आल्या कुठून, हेही सांगायला हवं. १९२८ साली जनरल मोटर्सनं शिवडीला कारखाना उघडून शेवरलेट गाड्या जोडायला सुरुवात केली. फोर्डचीही जुळणी मुंबईत होती. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली आणि क्रायस्लर कंपनीशी करार करून १९४७ पासून कुर्ल्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या. १९५३ साली सरकारनं ठरवलं की नुसते आयात भाग जोडणाऱ्या आणि गाडी इथंच बनवण्याची योजना नसलेल्या कारखान्यांनी काम आवरावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. गाड्या मात्र इथंच राहिल्या, आणि आयातीवर निर्बंध असल्यामुळे सुटे भाग येईनासे झाले.

मग त्या गाड्या तीस-चाळीस वर्षं चालल्या कशा? मिस्त्रींनी चालवल्या. चोर बाजारात भाग शोधले. मिळाले नाहीत तर लेथवर तासून घेतले. पेट्रोल परवडेना तेव्हा डिझेलचं इंजिन बसवलं. क्युबातही हेच घडलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेनं व्यापार बंद केला आणि तिथल्या लोकांनी शेवरलेटच्या अंगात रशियन इंजिनं घातली. अमेरिकेत जो छंद होता, तो मुंबईत आणि हवानात पोटाचा प्रश्न होता. अक्कल मात्र तीच लागत होती. फरक एवढाच, की तिथल्या माणसाकडे घराचं गॅरेज होतं, पुस्तक होतं, मासिक होतं. आमच्या मामूंकडे गल्ली होती आणि उस्तादानं डोक्यात टपली मारून शिकवलेलं इल्म होतं. ते कोणी लिहून ठेवलं नाही.

आता हा हक्कच आक्रसत चालला आहे. आजच्या गाडीत बिघाड कळायला संगणक लागतो आणि त्या संगणकाची किल्ली कंपनीकडे असते. अमेरिकेत १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्यामुळे स्वतःच्या गाडीतलं सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी उघडणंही कायद्याच्या कचाट्यात सापडलं होतं. त्याला सूट मिळाली २०१५ साली. मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली लोकांनी मतपेटीतून कौल दिला की दुरुस्तीची माहिती कंपनीनं गल्लीतल्या गॅरेजलाही दिली पाहिजे. २०२० साली बिनतारी यंत्रणेनं जाणाऱ्या माहितीसाठीही असाच कौल मोठ्या बहुमतानं दिला. शंभर वर्षांपूर्वी कंपनी मालकाला प्रश्नोत्तरं छापून देत होती. आता मालकाला उत्तरासाठी मतदान करावं लागतं. साठ वर्षांपूर्वीची मस्टँग लोक इतक्या प्रेमानं का खोलतात, याचं एक कारण मला यात दिसतं. ती उघडता येते. तिच्यात काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं.

त्या मुलाची गोष्ट अर्धी राहिली. मी त्याच्या वडिलांना निरोप पाठवला, एका शनिवारी वर्गावर या. ते आले, पण दारातच थबकले. “सर, मी सातवी नापास. पोरांना काय सांगणार?” मी म्हटलं, “ब्रेक कसा लागतो ते सांगा.” त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन मास्टर सिलिंडर काढून टेबलावर ठेवले. एक जुना, एक कप्प्याचा. एक नवा, दोन कप्प्यांचा. मग त्यांनी पोरांना विचारलं, “एकाच्या जागी दोन कशाला केले असतील?” वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरून त्यांच्याच मुलानं हात वर केला.

यंदाच्या जूनमध्ये त्याचा फॉर्म मी मुद्दाम पाहिला. रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘मोटार मेकॅनिक’. ‘मेकॅनिक’चा अर्धचंद्र द्यायचा राहिला होता, तेवढा मी लाल पेनानं दिला.